फुले संपली, तरी शेवंती संपत नाही
(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



मार्गशीर्षातले गुरुवार सरले, संक्रांत जवळ आली. शेवंतीचे शेवटचे तोडे बाजारात गेले. आता शेतात उरली आहेत ती वाळकी खोडं आणि करपलेली पानं. या दिवसांत शिवारातून चक्कर मारली की ठिकठिकाणी एकच देखावा दिसतो. शेवंतीचं पाणी तोडलेलं असतं आणि त्यात शेळ्या सोडलेल्या असतात. विचारलं तर उत्तर येतं, “साहेब, फुलं झाली, आता त्याच्यात काय राहिलंय?”

आजचं बोलणं एवढ्याच प्रश्नावर आहे. त्याच्यात काय राहिलंय? तर बंधूंनो, त्याच्यात पुढच्या दसऱ्या-दिवाळीचं पीक राहिलं आहे. झेंडू एकदा फुलला की मरतो, त्याचं बी पुन्हा टाकावं लागतं. शेवंतीचं तसं नाही. शेवंती बहुवर्षायू झाड आहे. वरची फांदी फुलून वाळते, पण जमिनीतलं बूड जिवंत असतं आणि त्यातून नवे फुटवे निघतात. या मुळ्या असलेल्या फुटव्यांनाच आपण काश्या म्हणतो. या काश्या उन्हाळाभर ज्याने जपल्या, त्याची निम्मी शेवंती मृगाच्या आधीच पिकली असं समजा.

बाहेरून आणलेल्या काश्यांचे धोके

ज्याने काश्या जपल्या नाहीत, तो जून महिन्यात काय करतो? दुसऱ्याच्या दारात जातो. एक गुंठा शेवंतीला जवळजवळ अकराशे काश्या लागतात. दहा गुंठे करायचे म्हटले तर अकरा हजार. सोसायटीचं कर्ज, बी-बियाणं, खतं, मुलांच्या शाळा, सगळा खर्च नेमका याच महिन्यात अंगावर येतो. त्यात या अकरा हजार काश्यांची भर पडते.

पण पैसा हा लहान धोका आहे. मोठे धोके दोन आहेत.

पहिला धोका रोगाचा. ज्या शेतात मर आणि मूळकुज आहे, तिथल्या काशीच्या मुळाला लागून तो रोग तुमच्या शेतात येतो. एकदा जमिनीत शिरला की लवकर जात नाही. काशी दिसायला हिरवीगार असते. ऑगस्टच्या झडीत झाड माना टाकतं, तेव्हा घरात काय आणलं ते कळतं.

दुसरा धोका भेसळीचा. पांढऱ्या राजा जातीच्या काश्या म्हणून आणल्या आणि त्यात निम्म्या दुसऱ्याच निघाल्या, असं झालं तर ते ओळखायचं कसं? फूल येईपर्यंत नक्की सांगता येत नाही. म्हणजे पाच महिने खत, पाणी, खुरपणी सगळं करायचं आणि भेसळ उघडी पडायची ती ऐन दसऱ्याच्या तोंडावर. मिसळ रंगाच्या मालाला व्यापारी कसा भाव पाडून मागतो, ते तुम्हांला मी सांगायला नको. म्हणून घरच्या काश्या याच खात्रीच्या काश्या.

मातृझाडाची निवड

आता निवडायचं कोणतं झाड? खरी निवड फुलं असतानाच करायची असते. तोडणीला बहुधा घरातल्या आणि शेजारपाजारच्या बायाच असतात. कोणत्या झाडाला फुलं जास्त, कोणतं रोगट, कोणत्या झाडाची फुलं टपोरी, हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं. म्हणून पुढच्या वर्षीपासून तोडणीच्या वेळी त्यांच्या कमरेला रंगीत सुतळीचे तुकडे देऊन ठेवा. मनात भरलेल्या झाडाला तिथल्या तिथे सुतळी बांधायची. या कामाला खर्च नाही आणि वेगळा वेळही लागत नाही.

यंदा खूण करायची राहिली असेल तरी हरकत नाही. शेतात एक फेरी मारा. जिथे पाणी साचत होतं तो भाग सोडा. जिथे चार-सहा झाडं मेली, त्याच्या आजूबाजूचाही भाग सोडा. मधल्या, उंचवट्याच्या भागातली, बुडापासून जोमदार हिरवे फुटवे असलेली ठोंबे धरा. खालची पानं काळ्या-तपकिरी ठिपक्यांनी भरलेली असतील, तर ते ठोंब कितीही मोठं असो, ते घेऊ नका. जातींची सरमिसळ तर मुळीच करू नका. राजा वेगळी, रेवडी वेगळी, झिप्री वेगळी. प्रत्येक जातीच्या वाफ्याला नावाची पाटी लावा. आज लक्षात राहील असं वाटतं, पण चार महिन्यांनी वाफ्यातले सगळे फुटवे सारखेच दिसतात.

ठोंबे किती घ्यायची त्याचा हिशेब सोपा आहे. बरी निगा राखली तर एका ठोंबापासून दहा-पंधरा काश्या मिळतात. म्हणजे एक गुंठा शेवंतीला शंभर ठोंबे धरा, त्यात पडझडही आली. एका ठोंबाला एक चौरस फूट जागा दिली तर शंभर ठोंबांना शंभर चौरस फूट पुरतात. दहा गुंठे लागवड करणाऱ्याने एक गुंठा मातृवाफा राखावा. लागवडीचा दहावा हिस्सा, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं.

मातृवाफा कसा करावा

निवडलेल्या ठोंबांच्या वाळक्या फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून धारदार कात्रीने छाटा. हिसडून मोडू नका, बूड हलतं आणि साल सोलली जाते. मग ठोंब मातीसकट अलगद उकरा. मुळं तपासा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. तपकिरी पडलेलं, बोटांनी दाबलं की साल निघून येणारं मूळ कुजलेलं समजावं. असं ठोंब त्याच जागी बाजूला काढा. ते बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नका, कारण उकिरड्यावरचं खत पुन्हा शेतातच येतं. वाळवून जाळून टाका.

मातृवाफ्याची जागा नवी हवी. गेल्या दोन-तीन वर्षांत जिथे शेवंती नव्हती अशी. पाण्याजवळ हवी, पण पाणी साचणारी नको. दुपारचं कडक ऊन चुकेल अशी विरळ सावली असली तर फारच चांगलं. शेवग्याची, नारळाची सावली चालते. चिंचेखालची दाट सावली चालत नाही, तिथे फुटवे लांबट आणि लुकडे निघतात. झाड नसेल तर चार मेढी रोवून वर तुराट्या किंवा शेडनेट टाका.

वाफा चार फूट रुंद करा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. लांबी पंचवीस फूट ठेवली की शंभर चौरस फूट झाले. जमिनीपासून वाफा अर्धा फूट उंच हवा. शंभर किलो चांगल्या मुरलेल्या शेणखतात एक किलो ट्रायकोडर्मा मिसळून, ओल्या गोणपाटाखाली सावलीत आठ-दहा दिवस ठेवा आणि मग ते खत वाफ्यात घाला. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आहे. मुळं कुजवणाऱ्या बुरशीला ती वाढू देत नाही. ती जिवंत असल्यामुळे तिच्याबरोबर रासायनिक बुरशीनाशक मात्र मिसळायचं नाही. ताजं शेण तर घालूच नये. त्याने मुळांना उष्णता लागते आणि हुमणीला, वाळवीला आमंत्रण मिळतं.

उन्हाळ्यातली निगा

फेब्रुवारी ते मे हे चार महिने कसोटीचे. विहिरीचं पाणी खाली जातं, वीज रात्रीची येते आणि फुलं नसल्यामुळे लक्षही उडतं. पण शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला लागतं किती पाणी? झारीने घातलं तरी भागतं. थोडं आणि वारंवार पाणी द्यावं. माती मुठीत धरून पाहा. गोळा होतो आणि बोटाने टिचकी मारली की फुटतो, तर ओल पुरेशी आहे. हाताला चिखल लागला तर आणखी दोन दिवस थांबा. उन्हाळ्यात ठोंबे पाण्यावाचून मरतात तशी जादा पाण्यानेही मरतात, हे विसरू नका.

वाफ्यावर उसाच्या पाचटाचं किंवा वाळक्या गवताचं दोन बोटं जाड आच्छादन घाला. ओल टिकते, तण दबतं. बुडाला मात्र ते चिकटवू नका, चार बोटं मोकळी जागा ठेवा. महिन्यातून एकदा तण खुरपून बुडाला भुसभुशीत माती लावा. मातीची भर मिळाली की फुटव्याला बुडाशीच मुळ्या सुटतात, आणि मुळ्या असलेली काशी लागवडीनंतर लवकर जीव धरते.

एप्रिलमध्ये एखादं ठोंब कळ्या काढू लागलं तर त्या लगेच खुडा. आपल्याला या वाफ्यातून फूल नको, फुटवा हवा. आणि शेळ्या-गुरांपासून वाफा राखायला काट्याचं कुंपण घालायला विसरू नका.

“खोडवा ठेवला तर नाही का चालणार?”

हा प्रश्न हमखास येतो. ठोंबे जागेवरच राहू दिली, छाटणी करून खतपाणी दिलं, तर दुसऱ्या वर्षी फुलं येतात हे खरं आहे. पण एका बुडावर वीस-पंचवीस फुटव्यांची दाटी होते, हवा खेळत नाही, फूल बारीक येतं. शिवाय पहिल्या वर्षी जमिनीत वाढलेला रोग दुसऱ्या वर्षी तयारच असतो. म्हणून मोठ्या क्षेत्रावर खोडव्याच्या भरवशावर राहू नये. मोकळ्या झालेल्या रानात ज्वारी, बाजरी किंवा मका असं धान्याचं पीक घ्या आणि शेवंती दुसऱ्या तुकड्यात न्या. परसदारी देवापुरती चार झाडं असतील तर गोष्ट वेगळी. पण तिथेही दरवर्षी ठोंब उकरून, फोडून, कडेचे ताजे फुटवे नव्या मातीत लावले, तर झाड म्हातारं होत नाही.

लागवड

एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत, पाण्याच्या सोयीप्रमाणे लागवड करता येते. भारी, चिबड जमीन शेवंतीला मानवत नाही. मध्यम आणि निचऱ्याची जमीन निवडा. गुंठ्याला अडीचशे किलो कुजलेलं शेणखत घाला. साठ सेंटिमीटरवर सऱ्या पाडून वरंब्याच्या दोन्ही बगलांना एक-एक फुटावर काशी लावा. उन्हं उतरल्यावर लावावी, आणि लगेच हलकं पाणी द्यावं.

काशी घेताना ठोंबाच्या कडेची, चार-पाच पानांची, स्वतःच्या मुळ्या असलेली घ्या. मधली जून, लाकडासारखी झालेली घेऊ नका. काश्या कमी पडल्या तर मातृवाफ्यातल्या निरोगी फुटव्यांचे चार बोटं लांबीचे कोवळे शेंडे खुडून ते ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये सावलीला लावा. साधारण तीन आठवड्यांत त्यांना मुळ्या फुटतात. शेंड्याच्या या रोपांबरोबर जमिनीतला रोग कमी येतो, हा त्यांचा आणखी एक गुण आहे.

रासायनिक खत माती तपासूनच द्यावं. हेक्टरी नत्र ३००, स्फुरद २०० आणि पालाश २०० किलो ही मात्रा धरली, तर गुंठ्याला साडेसहा किलो युरिया, साडेबारा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि सव्वातीन किलो म्युरेट ऑफ पोटॅश पडतं. युरिया निम्मा लागवडीला आणि निम्मा सहा आठवड्यांनी द्या. स्फुरद आणि पालाश लागवडीलाच द्या. जादा युरियाने झाड हिरवंगार दिसतं, पण मावा त्याच्यावरच आधी येतो.

शेंडा खुडणी आणि दिवसाची लांबी

लागवडीनंतर चार आठवड्यांनी शेंड्याचा कोवळा भाग नखाने खुडा. एका शेंड्याच्या जागी तीन-चार फांद्या येतात आणि तेवढी फुलं वाढतात. झाडाची वाढ पाहून आणखी एकदा खुडता येतं. पण ऑगस्टच्या मध्यानंतर शेंड्याला हात लावू नये. असं का, ते समजून घ्या.

शेवंती कधी फुलायचं ते दिवस किती मोठा आणि रात्र किती मोठी यावरून ठरवते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी संबंध आहे हे अमेरिकेतल्या गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिलं. आपल्या पुण्याकडे जूनच्या २१ तारखेच्या सुमारास दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. डिसेंबरच्या २२ तारखेला तो अकरा तासांवर येतो. दिवस मोठा असताना शेवंती पानं-फांद्या वाढवते आणि रात्र लांबत गेली की कळी धरते. तुमचा अनुभवही हेच सांगेल. विजेच्या खांबाखालची किंवा मोटारीच्या खोलीवरच्या दिव्याजवळची शेवंती मागे राहते, कारण उजेडामुळे तिची रात्र पुरी होत नाही. म्हणून असा दिवा शेताकडे पडत असेल तर त्याला आड करा.

यातूनच लागवडीची घाई कशासाठी ते कळतं. ऑगस्टमध्ये लावलेलं झाड वाढायच्या आधीच कळी धरतं, आणि वीतभर झाडाला फुलं लागणार ती किती? झाडाला मोठ्या दिवसांचे दोन-अडीच महिने मिळायला हवेत. ते मिळण्यासाठी काश्या वेळेवर तयार हव्यात. आणि काश्या वेळेवर तयार हव्या असतील तर मातृवाफा आत्ता, जानेवारीत करायला हवा. सगळं गणित फिरून या वाफ्यापाशी येतं.

रोग, कीड आणि तोडणी

पावसाळ्यात पहिलं काम म्हणजे चर काढणं. सरीत पाणी एक रात्रही तुंबू देऊ नका. खालच्या पानांवर काळपट ठिपके दिसले की ती पानं काढून जाळा. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर हा रोग खालून वर चढतो. मेलेलं झाड मुळासकट मातीसह उचला. शेंड्यावर आणि कळ्यांवर काळपट मावा येतो, उघडीप पडली की फुलकिडे येतात. दर दोन-चार दिवसांनी शेंडे उलटून पाहा. पिवळे चिकट सापळे लावा. सुरुवातीलाच निंबोळी अर्क फवारला तर पुढचा खर्च वाचतो. जादा प्रादुर्भाव असेल तर पानांचा नमुना घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात या. दुकानदार देईल ते औषध आंधळेपणाने मारू नका. ही फुलं देवाला वाहिली जातात, बायकांच्या केसांत माळली जातात. तोडणीच्या तोंडावर विषारी फवारा नको.

फूल पूर्ण उमललं की उन्हं चढायच्या आत तोडा. दर चार-पाच दिवसांनी तोडा येतो. दवाने ओलं फूल गोणीत दाबून भरलं तर बाजारात पोचेपर्यंत गरम होऊन काळवंडतं. आधी सावलीत पसरून ओल जाऊ द्या, मग करंडीत किंवा क्रेटमध्ये भरा. चांगल्या निगेत गुंठ्याला सत्तर किलोपासून शंभराच्या पुढे फूल निघतं. गुलटेकडीच्या किंवा दादरच्या बाजारात सण पाहून भाव वर-खाली होतो, तो आपल्या हातात नाही. पण एका रंगाचा, एका जातीचा, निरोगी माल न्यायचा हे आपल्या हातात आहे.

थोडक्यात ध्यानात ठेवा

ऑक्टोबर ते डिसेंबर : तोडणी करतानाच चांगल्या झाडांना सुतळी बांधा.
जानेवारी : छाटणी करा, मुळं तपासा, निवडलेली ठोंबे नव्या मातृवाफ्यात लावा.
फेब्रुवारी ते मे : विरळ सावली, बेताचं पाणी, मातीची भर, शेळ्यांपासून राखण.
एप्रिल अखेर ते जून : कडेच्या मुळ्या असलेल्या काश्या काढून लागवड.
लागवडीनंतर चार आठवडे : शेंडा खुडणी. ऑगस्टच्या मध्यानंतर खुडणी बंद.
पावसाळा : निचरा, रोगट पानं वेचणं, मेलेली झाडं उचलणं.

बंधू-भगिनींनो, एक गुंठा शेवंतीसाठी शंभर ठोंबे, आणि शंभर ठोंबांसाठी चार फूट रुंद, पंचवीस फूट लांब वाफा. घरातल्या दोन माणसांचं हे एका दिवसाचं काम आहे. तेव्हा शेळ्या सोडायच्या आधी शेवंतीत एक फेरी मारा आणि चांगली ठोंबे आधी उचलून घ्या. उरलेलं रान मग खुशाल शेळ्यांना द्या.

राम राम.